खुनीच्या कांठीं चार दिवस

यंदा नवरात्राच्या निमित्तानें आमच्या पांढरकवड्याच्या घरीं बऱ्याच वर्षांनीं सगळी मंडळी एकत्र जमली. पुण्याहून धाकटे बंधु सहकुटुंब आले, नागपुराहून दोघे पुतणे आपापल्या बिऱ्हाडांसह आले, आणि आत्याबाई तर आमच्याकडेच असतात. लहान मुलें मोजलीं तों आठ भरलीं. ललितापंचमीस केळापूरच्या जगदंबेच्या दर्शनाला जावयाचें, हा घरचा जुना परिपाठ. केळापूर हें नांव सरकारी दप्तरांत तालुक्याचें असलें तरी कचेऱ्या आहेत पांढरकवड्यास. मूळ केळापूर हें तेथून जवळच, नागपुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत वसलेलें एक लहानसें गांव आहे. एरवीं शांत असणाऱ्या या गांवीं नवरात्रांत मोठी यात्रा भरते, आणि विदर्भांतून तसेच तेलंगणांतूनही भाविक लोटतात. आम्हींही त्या गर्दींत उभें राहून देवीची ओटी भरली, आणि परततांना मुलांना जरा मोकळी हवा मिळावी म्हणून खुनी नदीच्या कांठीं थांबलों.

वाटेंत आमच्या थोरल्या नातवानें १८१८ सालच्या एप्रिलांतील लढाईची हकीकत धाकट्या भावंडांना सांगितली. दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेची इंग्रजांशीं याच पांढरकवड्याच्या परिसरांत गांठ पडली होती. मुलाचें पाठांतर ऐकून आम्हांस कौतुक वाटलें. परंतु नदीच्या कांठीं उतरतांच सात वर्षांच्या नातीनें, "आजोबा, ही नदी कोणती?" असा साधा प्रश्न विचारला, तेव्हां त्या इतिहासज्ञासह आठांपैकीं एकालाही उत्तर देतां आलें नाहीं. नाईल, ॲमेझॉन आणि मिसिसिपी यांची लांबी त्यांच्या जिभेवर होती; आजोळाच्या आणि आजोबांच्या गांवची नदी मात्र त्यांच्या लेखीं बिननांवाची होती. आम्हीं "खुनी" असें नांव सांगितल्यावर सर्वांत धाकटा आईच्या पदराआड दडला आणि तेथूनच त्यानें विचारलें, "ही माणसें मारते कां?"

सगळे हंसले. आम्हीही हंसलों. पण त्या प्रश्नाला काय उत्तर द्यावें हें आम्हांस तत्काळ सुचलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

त्याच ठिकाणीं दुसरी एक गोष्ट घडली. धाकट्या बंधूंनीं गेल्या चैत्रांत, निवृत्तीनंतर गांवीं येऊन राहावें या हेतूनें, नदीच्या बाजूस एक जागा विकत घेतली होती. दसऱ्यानंतर पाया खणावयाचा बेत होता. त्यांनीं मोठ्या हौसेनें ती जागा सर्वांना दाखविली. सपाट, मोकळी, समोर पाणी, पलीकडे पळसाचीं झाडें. कोणाचेंही मन रमावें अशी. मुलें धांवत गेलीं आणि कडेच्या बाभळीखालीं उभीं राहून वर पाहूं लागलीं. बाभळीच्या फांद्यांत वाळलेलें गवत, पऱ्हाट्या, एक चिंधी आणि प्लॅस्टिकचे तुकडे असा एक पुंजका अडकलेला होता. उंच माणसाच्या डोक्याच्याही वर.

"एवढें मोठें घरटें कोणाचें?" एकीनें विचारलें.

आत्याबाई गाडींतून सावकाश उतरल्या होत्या. त्यांनीं वर एकदां पाहिलें आणि म्हटलें, "घरटें नाहीं ग बाई तें. नदी तेथवर येऊन गेली, त्याची खूण आहे ती."

बंधूंनीं, गुराख्यांनीं टाकलें असेल, वाऱ्यानें अडकलें असेल, असें कांहींसें म्हणून तो विषय तेथेंच थांबविला. सणाच्या दिवसांत वाद नको म्हणून आम्हीही गप्प राहिलों. परंतु त्या रात्रीं आम्हीं मनाशीं ठरविलें कीं, उरलेल्या चार दिवसांत या मुलांना दुसरें कांहीं न शिकवितां ही एक नदी शिकवावयाची.

षष्ठीच्या सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं आम्ही मुलांना घेऊन कांठाकांठानें चालत निघालों. नदी शिकविण्यास आश्विनाइतका चांगला महिना नाहीं असें आम्हांस वाटतें. पूर ओसरलेला असतो, पाणी निवळलेलें असतें, आणि पावसाळ्याची लिपी अजून पुसली गेलेली नसते. प्रथम आम्हीं मुलांस एका वळणावर उभें केलें आणि दोन्ही कांठ नीट पाहावयास सांगितले. बाहेरच्या बाजूचा कांठ कड्यासारखा तुटलेला होता व त्यांतून झाडांचीं मुळें लोंबत होतीं. आंतल्या बाजूस वाळूचा आणि गाळाचा उतरता पट्टा पसरला होता. वळणावर पाण्याचा वेग बाहेरच्या अंगास अधिक असतो, म्हणून तें तिकडचा कांठ खातें. आंतल्या अंगास वेग मंदावतो, म्हणून तेथें बरोबर आणलेलें ओझें टाकतें. नदी एका हातानें घेते आणि दुसऱ्या हातानें देते. जो कांठ आज तुटतो आहे तो पुढल्या पिढींत आणखी मागें सरलेला असेल. म्हणजे आपण कागदावर नदीची जी रेघ काढतों ती कायमची नव्हे, हें मुलांच्या ध्यानांत आलें.

मग आम्ही कांठ चढून वर आलों आणि मागें वळून पाहिलें. एकदां सांगितल्यावर लहान मुलालाही दिसतें कीं, नदीचें घर तीन पायऱ्यांचें आहे. सर्वांत खालीं बारमाही वाहतें पाणी किंवा डोह. ती नदीची निजण्याची जागा. त्याच्या वर वाळूचा, निर्गुडीचा आणि झुडपांचा पट्टा. पावसाळ्यांत दरसाल पाणी तेथें येऊन जातें. आणि त्याच्याही वर, कांठापलीकडे, काळ्या मऊ मातीचें सपाट मैदान. हें मैदान कोणीं केलें? नदीनेंच. तेथला मातीचा प्रत्येक थर कोणत्या ना कोणत्या पुरानें आणून पसरलेला असतो. जमीन इतकी सपाट आणि कसदार आहे, याचाच अर्थ पाणी तेथवर येत आलें आहे. आम्हीं हें सांगत असतां थोरल्या नातवानें आजूबाजूस पाहिलें आणि हळूच म्हटलें, "म्हणजे काकाआजोबांची जागा नदीच्या तिसऱ्या पायरीवर आहे." आम्हीं त्याला हें तूर्त घरीं बोलूं नकोस म्हणून सांगितलें. त्यानें तें पाळलें.

वाटेंत एक म्हातारे कोलाम गृहस्थ शेळ्या घेऊन बसले होते. रामराम झाल्यावर मुलांनीं त्यांना, पूर येणार हें तुम्हांला कसें कळतें, म्हणून विचारलें. त्यांचें उत्तर थोडक्यांत असें होतें, कीं इकडच्या आभाळाकडे पाहूं नये, नदी जिकडून येते तिकडच्या आभाळाकडे पाहावें. आणि पाण्याचा रंग अचानक गढूळ झाला व काटक्या-पाला वाहूं लागला, कीं येथें थेंब पडलेला नसला तरी पात्रांतून बाहेर निघावें. मुलांनीं हें वाक्य वहींत लिहून घेतलें. एवढ्या मोजक्या शब्दांत आम्हांला तें सांगतां आलें नसतें.

सप्तमीस पावसाची एक सर आली म्हणून घरींच राहावें लागलें, आणि तो दिवस ओट्यावरच्या प्रयोगांत गेला. दोन सारख्या परातींत सारखीच माती भरली. एकींत गवताच्या ढेपा मुळांसह लावल्या, दुसरी उघडी ठेवली. दोन्ही सारख्या कलत्या ठेवून, सारखेंच पाणी झारीनें ओतलें आणि खालीं वाट्या लावल्या. उघड्या मातीवरचें पाणी तत्काळ, चहासारखें गढूळ होऊन वाटींत आलें; गवताच्या परातींतलें पाणी सावकाश आणि बरेंच स्वच्छ आलें, शिवाय कमी आलें. मुलांनीं हा प्रयोग इतक्या वेळां केला कीं शेवटीं ओटा धुण्यास आमच्या थोरल्या सूनबाईंना घागरी ओताव्या लागल्या. त्यांनीं मात्र तक्रार केली नाहीं. धुऱ्यावरचें गवत, उतारावरचे समपातळी चर, नाल्यांतले लहान बांध, टेकडीवरची झाडी यांचा पुराशीं काय संबंध आहे, तें या दोन परातींत सर्व येतें. पाण्याला धांवूं न देतां चालावयास लावणें, हें पूर आवरण्याचें पहिलें काम आहे, आणि तें नदीच्या कांठीं करावयाचें नसून जेथें पाऊस पडतो त्या प्रत्येक वावरांत करावयाचें आहे.

आमच्या इकडच्या काळ्या जमिनीची एक विशेष गोष्टही मुलांना सांगितली. वैशाखांत ही माती इतकी भेगाळते कीं भेगेंत हात जावा. मृगाचें पहिलें पाणी या भेगांतून खोल उतरतें आणि नदीला त्याची फारशी खबरही लागत नाहीं. परंतु माती भिजून फुगली कीं भेगा मिटतात. मग वरून पडणाऱ्या पाण्याला आंत वाट राहत नाहीं आणि तें सारें नाल्याकडे धांवतें. म्हणून तोच पाऊस मृगांत पडला तर शेतकरी हंसतो, आणि श्रावण-भाद्रपदांत लागोपाठ पडला तर नदीकांठचीं गांवें जागीं राहतात. यवतमाळ जिल्ह्यांत वर्षाला सरासरी ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक सारा भाग चार महिन्यांत येतो. एका दिवसांत १०० मिलिमीटर पाऊस झाला तर एका चौरस किलोमीटरवर किती पाणी पडलें, याचा हिशेब मुलांनीं पाटीवर केला. उत्तर आलें १० कोटी लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. खुनीला पाणी देणारा प्रदेश एक चौरस किलोमीटरचा नाहीं, त्याच्या कितीतरी पट आहे, हें सांगतांच मुलें गप्प झालीं.

दुपारीं सूनबाईंनीं माजघरांत रांगोळीनें नकाशा काढला. बुलढाण्याकडे अजिंठ्याच्या डोंगरांत पैनगंगेचा उगम. तेथून वाशीम, हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमा शिवत तिचा प्रवास. वाटेंत इसापूरचें धरण आणि सहस्रकुंडाचा धबधबा. आमच्या तालुक्यांतून उतरून तिला मिळणारी ही खुनी. पुढें वढ्याजवळ पैनगंगा व वर्धा यांचा संगम. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता. आणि सिरोंचापाशीं प्राणहितेचें गोदावरींत विसर्जन. तेथून पाणी पूर्वसमुद्रास जातें. पुण्याच्या नातवाला या वेळीं एका गोष्टीचा उलगडा झाला. घटस्थापनेच्या संकल्पांत गुरुजींनीं गोदावरीच्या उत्तर तीराचा उच्चार केला, आणि पुण्यास त्यांचे गुरुजी दक्षिण तीराचा करतात, हें त्याच्या कानांनीं टिपलें होतें; तें कां, हें त्यानें रांगोळींत बोट ठेवून आपणच सांगितलें. आपल्या पूर्वजांनीं प्रत्येक पूजेच्या आरंभीं आपण कोणत्या नदीच्या कोणत्या कांठीं उभे आहों तें सांगण्याचा नियम घातला. आपण शब्द राखले, आणि नदीकडे पाहण्याचें सोडून दिलें.

या नकाशावरच एक अवघड गोष्टही सोपी झाली. पूर नेहमीं वरूनच येतो असें नाहीं. मोठी नदी दुथडी भरलेली असली कीं तिला मिळणारी लहान नदी आंत शिरूं शकत नाहीं. लग्नघराच्या दारांत आधींच गर्दी असली म्हणजे मागून येणारी मंडळी गल्लींत खोळंबावी, तसें तिचें पाणी मागें तुंबतें आणि बाजूच्या शेतांत पसरतें. २०२२ च्या जुलैंत वर्धा व पैनगंगा यांच्या पुरानें वणीकडच्या गांवांना वेढा पडला. आणि २०२३ च्या जुलैंत आमच्याच जिल्ह्यांत महागांव तालुक्यांत पाणी इतकें चढलें कीं वेढलेल्या माणसांच्या सुटकेसाठीं वायुदलाचीं हेलिकॉप्टरें बोलवावीं लागलीं. धरण आहे म्हणून निर्धास्त राहावें असेंही नाहीं. आमच्या खुनीवर सायखेडा येथें मातीचें धरण आहे. अशीं धरणें शेतीसाठीं पाणी साठवितात, आणि साठवणें म्हणजे भरून ठेवणें. भरलेल्या हंड्यांत आणखी पाणी मावत नाहीं. म्हणून धरणाचा सांडवा कधीं सुटतो आणि त्याची सूचना गांवाला कशी मिळते, हें कांठच्या प्रत्येक घराला ठाऊक असलें पाहिजे.

वर्धेच्या पुराची याहून भयंकर आठवण मोवाडची आहे. नागपूर जिल्ह्यांत वर्धेच्या कांठीं वसलेलें हें गांव ३० जुलै १९९१ रोजीं पुरांत सांपडलें आणि २०० हून अधिक माणसें गेलीं. नंतर गांवाचें पुनर्वसन करावें लागलें. हें सांगावें कीं न सांगावें असा आम्हांस क्षणभर संदेह पडला होता. परंतु राक्षसांच्या गोष्टी आपण मुलांना निःशंकपणें सांगतों, मग खरी गोष्ट कां लपवावी? भय वाटलें तर त्याच्याबरोबर उपायही सांगावा, म्हणजे भयाचें शहाणपण होतें.

अष्टमीच्या रात्रीं जेवणें उरकल्यावर पुरुषमंडळी ओसरीवर बसली होती आणि बंधूंच्या घराचा नकाशा पुढें होता. पाया किती खोल, जोतें किती उंच, असें बोलणें चाललें असतां आम्हीं सहज पूररेषेचा विषय काढला. महाराष्ट्रांत पाटबंधारे खात्याकडून नद्यांच्या दोन रेषा आंखल्या जातात. सरासरीनें २५ वर्षांतून एकदां येणारा पूर जेथवर पोंचतो ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदां येणारा पूर जेथवर पोंचतो ती तांबडी. निळ्या रेषेच्या आंत बांधकामाला मनाई असते. निळ्या व तांबड्या रेषांच्या मधल्या पट्ट्यांत निर्बंध असतात. बंधु म्हणाले, "दादा, शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुरासाठीं मी घर बांधूं नको कीं काय? मी कोठें शंभर वर्षें जगणार आहें?"

हा समज सार्वत्रिक आहे, आणि तो चुकीचा आहे. शंभर वर्षांतून एकदां याचा अर्थ शंभर वर्षें थांबून येणारा असा नसून, दरसाल शंभरांत एक इतका संभव असलेला असा आहे. तो लागोपाठ दोन वर्षेंही येऊं शकतो. आम्हीं आत्याबाईंच्या डब्यांतून शंभर चिंचोके मागविले, एकाला चुन्याचें बोट लावलें आणि पिशवींत घातले. प्रत्येक मुलानें न पाहतां एक चिंचोका काढावा व परत टाकावा, असें तीस वेळां करावें. तीस वेळां म्हणजे घराचीं तीस वर्षें. हिशेबानें तीस वर्षांत तो चुन्याचा चिंचोका निदान एकदां हातीं येण्याचा संभव सुमारें चारांत एक असतो. आठ मुलांपैकीं दोघांच्या हातीं तो यावा. प्रत्यक्षांत तिघांच्या आला. चवथ्या इयत्तेंतल्या नातीला तर तो सहाव्याच खेपेस आला, आणि ती आनंदानें ओरडली, "माझ्या घरांत पाणी आलें!" त्या ओरडण्यानें ओसरीवरचें हंसणें एकदम थांबलें.

या वेळीं आमची धाकटी भावजय दारांत उभी होती. वडिलधाऱ्यांच्या बोलण्यांत ती सहसा पडत नाहीं. ती म्हणाली, "दादा, माझी आई नारायण पेठेंतली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलें, तेव्हां ती अकरा वर्षांची होती. घरांतून निघतांना तिनें फक्त धाकट्या भावाला उचललें. पुढें आयुष्यभर तिनें तळमजल्यावर देव ठेवले नाहींत. मीं हें यांना कधीं सांगितलें नाहीं, कारण जागा यांच्या फार मनांत भरली होती." एवढें बोलून ती आंत गेली. बंधूंनीं नकाशा गुंडाळला. कोणी कांहीं बोललें नाहीं.

नवमीच्या सकाळीं आम्ही उठण्यापूर्वींच बंधु मुलांना घेऊन नदीवर गेले होते. आम्ही मागाहून पोंचलों तों त्यांनीं गवंड्याकडून पारदर्शक पाण्याची नळी मागून आणली होती. नळींतलें पाणी दोन्ही टोकांस एकाच पातळीवर राहतें, या तत्त्वावर ते बाभळीवरच्या पुंजक्याची उंची बांबूवर घेऊन आपल्या जागेच्या मध्यावर मोजीत होते. जेथें ते देवघर बांधणार होते, तेथें ती खूण त्यांच्या स्वतःच्या छातीपर्यंत आली. त्यांनीं दोनदां मोजलें. मग आत्याबाईंनीं आपल्या तरुणपणच्या एका पुराचें पाणी जवळच्या जुन्या विहिरीच्या कोणत्या दगडापर्यंत आलें होतें तें दाखविलें, तेंही मोजलें. तें आणखी वीतभर वर भरलें.

त्या दिवशीं घरांत जें बोलणें झालें तें सोपें नव्हतें, हें आम्ही मुद्दाम लिहितों. कारण उपदेश करणें स्वस्त असतें आणि जागा पैसे देऊन घेतलेली असते. जोतें पुरुषभर उंच करावें अशी एक सूचना पुतण्यानें केली. पण भराव घालून एक घर वर उचललें कीं तेवढें पाणी शेजाऱ्याकडे सरकतें, आणि पुराच्या वेळीं घर कोरडें राहिलें तरी त्याचें बेट होतें. आजारी माणसाला तेथून न्यावयाचें कसें? जागा विकून मोकळें व्हावें अशी दुसरी सूचना आली. तिच्यावर बंधु बराच वेळ गप्प राहिले आणि शेवटीं म्हणाले, "आतां मला ठाऊक आहे. ठाऊक नसतांना घेतली ती गोष्ट वेगळी. आतां दुसऱ्याच्या गळ्यांत कोणत्या तोंडानें घालूं?" फंडांतून काढलेल्या रकमेचा मोठा भाग त्यांनीं या जागेंत घातला होता. अखेर असें ठरलें कीं, तेथें घर बांधावयाचें नाहीं. कांठालगत करंज आणि जांभूळ लावावे, उरलेल्या भागांत गवत राखावें, आणि आमच्या जुन्याच घराच्या पश्चिमेस दोन खोल्या चढवाव्या. बंधूंनीं हें मान्य केलें, परंतु दसऱ्याच्या पंक्तींत ते नेहमींसारखें जेवले नाहींत. एक स्वप्न सोडतांना माणसाला जें वाटतें तें त्यांनाही वाटलें, आणि वाटणारच.

जपानांत आनेयोशी नांवाच्या एका खेड्यांत डोंगराच्या उतारावर एक शिळा आहे. १९३३ सालच्या समुद्रलाटेनंतर तेथल्या लोकांनीं, या शिळेच्या खालीं घरें बांधूं नयेत, अशा अर्थाचा लेख तिच्यावर कोरून ठेविला. पुढल्या पिढ्यांनीं तो मानला, आणि २०११ सालीं आलेली प्रचंड लाट त्या शिळेच्या कांहीं अंतर खालींच थांबली. वरचीं घरें वांचलीं. आमच्याकडे अशा शिळा नाहींत, पण आत्याबाई आहेत. कोणत्या सालीं पाणी कोठवर आलें होतें हें घराघरांतल्या वृद्धांस ठाऊक असतें, आणि तें कोणी विचारीत नाहीं म्हणून त्यांच्याबरोबर जातें. एकत्र कुटुंबाचा मोठेपणा आपण पुष्कळ वर्णितों. तीन पिढ्यांची आठवण एका छपराखालीं असणें हा त्यांतला खरा ठेवा आहे, आणि नदीच्या बाबतींत तर तो जीव वांचविणारा आहे.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळीं मुलांनीं आपलेच नियम करून वहींत लिहिले. त्यांतले कांहीं वाचकांच्या उपयोगी पडतील. पाण्याखालीं गेलेला रपटा ओलांडावयाचा नाहीं, मग बरोबर कोणीही मोठा माणूस असो. कारण वेगानें वाहणारें वीतभरही नसलेलें, म्हणजे १५ सेंटिमीटर, पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलतें, ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटार सरकवितें आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहनें घेऊन जातें. पूर पाहण्यास कांठावर जावयाचें नाहीं, कारण तुटणारा कांठ आधीं सांगत नाहीं. महत्त्वाचे कागद, औषधें आणि विजेरी पावसाळाभर एकाच पिशवींत, वरच्या फळीवर. रात्रीं निघावें लागलें तर सर्वांनीं कोणत्या उंच जागेवर जमावयाचें तें मृगापूर्वीं ठरविलेलें असावें. जागा घेण्यापूर्वीं कचेरींत पूररेषा पाहावी; आणि कचेरींतून येतांना त्या गांवच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडेही बसून यावें.

एक नियम मुलांनीं आम्हां मोठ्यांसाठीं लिहिला, आणि तो वाचून आम्हांस लाज वाटली. बाभळीवरच्या त्या पुंजक्यांत जे प्लॅस्टिकचे तुकडे होते, त्यांतल्या एका पिशवींत वाळलेलीं फुलें आणि सुतळी गुंडाळलेला नारळ सांपडला होता. म्हणजे तें कोणाच्या तरी देवघरांतलें निर्माल्य होतें. कदाचित् आमच्यासारख्याच एखाद्या घरचें. पुलावरून पिशवीसकट सोडलेलें निर्माल्य नदीला पोंचत नाहीं, तें मोरीच्या तोंडाशीं अडकतें आणि पाण्याची वाट बुजवितें. यंदा घटाची माती आणि धान्याचे अंकुर आमच्या घरीं परसांतल्या पारिजातकाच्या आळ्यांत विसर्जन केले. आत्याबाईंनीं त्याला प्रथम हरकत घेतली. मग त्या स्वतःच पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

दसऱ्याच्या दिवशीं, सोनें लुटून झाल्यावर, आम्ही सगळे पुन्हां नदीवर गेलों. मुलांनीं विहिरीच्या त्या दगडावर गेरूनें एक आडवी रेघ काढली, आणि बाभळीच्या खोडावर पुंजक्याच्या उंचीला दुसरी. दुसऱ्या रेघेखालीं त्यांनीं साल घातलें. पहिल्या रेघेचें नेमकें साल आत्याबाईंना आठवेना, म्हणून तेथें "आत्याबाईंचा पूर" असें लिहिलें. गेरू एका पावसाळ्यांत जाईल. पुढल्या वर्षीं पाथरवटाकडून ती रेघ कोरून घेण्याचें बंधूंनीं आपणहून पत्करलें आहे. परततांना धाकट्या नातवानें पहिल्या दिवशींचा प्रश्न पुन्हां विचारला, कीं ही नदी माणसें मारते कां? या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें. आम्हीं सांगितलें, "बाळ, ती आपल्या घरांत चालते. तिच्या घरांत तिच्या वाटेवर कोणी निजलें तर ती थांबूं शकत नाहीं, एवढेंच."

ज्या वाचकांच्या गांवाजवळून नदी, ओढा अथवा नाला वाहतो, आणि तो नाहीं असें गांव विरळा, त्यांनीं येत्या सुटींत मुलांना घेऊन एकदां कांठाकांठानें चालून यावें, झाडांच्या फांद्यांकडे वर पाहावें, आणि घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसाला बरोबर न्यावें, एवढीच आमची विनंती आहे.